नंबर सातची नोंद कोणी तपासली? : ‘द अंब्रेला अकॅडमी’च्या पहिल्या सीझनचा शेवट

सुपरहिरोंच्या टीमची मालिका म्हटली की शेवटच्या भागात काय होणार हे आपल्याला साधारण माहीत असतं. आधी भांडून विखुरलेली टीम एकत्र येते, मोठी मारामारी होते, जग वाचतं. ‘द अंब्रेला अकॅडमी’च्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात टीम एकत्र येते, मारामारीही होते, फक्त जग वाचत नाही. ते का वाचत नाही, याचं कारण आपल्या कामाच्या, म्हणजे संशोधनाच्या इतकं जवळचं आहे की पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी हा भाग एकदा तरी वही-पेन घेऊन बघावा असं मला वाटतं.

पुढे सगळा शेवट सांगून टाकलाय. मालिका बघायची असेल तर आधी बघून या, लेख कुठे जात नाही.

ज्यांनी पाहिलेली नाही आणि तरी वाचणार आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. जेरार्ड वे यांनी लिहिलेली आणि गॅब्रिएल बा यांनी चितारलेली ही कॉमिक्स डार्क हॉर्सने २००७ पासून प्रकाशित केली. त्यावरची मालिका नेटफ्लिक्सवर १५ फेब्रुवारी २०१९ ला आली. पहिल्या सीझनचे दहा भाग, आणि दहाव्याचं नाव ‘द व्हाइट व्हायोलिन’. आणखी एक खुलासा : इथे ज्या पात्राला मी व्हान्या म्हणतेय ते २०२२ च्या तिसऱ्या सीझनमध्ये व्हिक्टर या नावाने, पुरुष म्हणून समोर येतं. भूमिका एलियट पेज यांची आहे. मी पहिल्या सीझनबद्दलच बोलतेय, म्हणून नाव आणि लिंग त्या सीझनमधलं ठेवलंय.

सात मुलं आणि एक नोंदवही

१ ऑक्टोबर १९८९ ला जगभरात ४३ बायका बाळंत होतात, आणि त्या दिवशी सकाळी त्यांच्यापैकी कोणीच गरोदर नसते. रेजिनल्ड हारग्रीव्ह्ज नावाचा विक्षिप्त अब्जाधीश यातली सात मुलं दत्तक घेतो. त्यांना नावं न देता नंबर देतो. एक ते सहा नंबरच्या मुलांकडे शक्ती आहेत : लूथरकडे अफाट ताकद, डिएगोचा सुरी फेकण्यात नेम चुकत नाही, ॲलिसन जे म्हणेल ते समोरच्याला खरं वाटतं, क्लाउस मेलेल्यांशी बोलतो, फाईव्ह जागा आणि काळ ओलांडतो, बेनच्या पोटातून राक्षसी सोंडा निघतात. नंबर सात, व्हान्या, हिच्या रकान्यात मात्र लिहिलंय : साधी.

रेजिनल्डला वाईट बाप म्हणणं सोपं आहे, आणि तो आहेच. पण तुम्ही त्याला प्रयोग करणारा माणूस म्हणून बघा. रोजचं निरीक्षण, प्रत्येकाची नोंद, ठरावीक वेळापत्रक. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय शिस्त आहे! आता दुसरी बाजू बघा. लूथरला तो चार वर्षं चंद्रावर एकटा पाठवतो. लूथर तिथून इमानदारीने नमुने आणि अहवाल पाठवत राहतो. बाप मेल्यावर त्याला कळतं की ती पाकिटं कधी उघडलीच गेली नव्हती, फरशीखाली तशीच पडून होती. ज्यांनी एकदा तरी कोणाच्या सांगण्यावरून महिनोन्महिने रीडिंग घेतली आहेत त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगायला नको. माहिती गोळा करणं आणि माहिती वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रेजिनल्डला पहिल्याचीच हौस आहे.

शून्य म्हणजे नक्की काय?

आता व्हान्याच्या रकान्यातल्या ‘साधी’कडे या. सीझनच्या उत्तरार्धात आपल्याला कळतं की व्हान्याची शक्ती सातही जणांत सगळ्यात मोठी होती. आवाजाचं ती ऊर्जेत रूपांतर करते. चार वर्षांची असताना ती शक्ती रेजिनल्डला आवरता येईना. म्हणून त्याने तिला घराखालच्या आवाजबंद कोठडीत ठेवलं, तिला गोळ्या सुरू केल्या, आणि छोट्या ॲलिसनकडून तिच्या कानात घातलं की तू साधी आहेस. पुढे व्हान्या ते खरं मानूनच वाढली. भावंडं मोहिमेवर जायची तेव्हा ती बापाशेजारी गच्चीवर उभी राहून बघायची. मोठेपणी तिने आत्मचरित्र लिहिलं, त्याचंही नाव ‘एक्स्ट्रा ऑर्डिनरी’.

लॅबच्या भाषेत सांगायचं तर एन्झाइममध्ये इनहिबिटर घातला, रीडिंग शून्य आलं, आणि वहीत लिहिलं की या एन्झाइमला क्रियाच नाही. इनहिबिटर घातल्याचं मात्र दुसऱ्याच वहीत लिहिलं, आणि ती वही कुलपात. पहिली वही वाचणाऱ्याला काय कळणार? त्याच्या दृष्टीने शून्य म्हणजे शून्य. आपण ‘काही सापडलं नाही’ आणि ‘काही नाहीच’ यात फरक करायला शिकतो तो याचसाठी. पाण्याच्या तपासणीच्या अहवालात एखाद्या धातूपुढे ‘डिटेक्शन लिमिटच्या खाली’ असं लिहितात, ‘नाही’ असं लिहीत नाहीत. त्या जास्तीच्या शब्दांत मोजण्याची अट सांभाळलेली असते.

इथे मालिकेने एक गोष्ट फार चांगली केलीय. ती दुसरी वही गुप्त कपाटात सुरक्षित राहत नाही. क्लाउस नशेच्या पैशांसाठी एक किमती पेटी विकतो आणि आतली वही कचऱ्यात फेकून देतो. ती नेमकी हॅरॉल्ड जेन्किन्सच्या हाती लागते, जो लेनर्ड पीबडी या नावाने व्हान्याच्या आयुष्यात शिरतो. म्हणजे व्हान्याबद्दलचं सत्य घरातल्या सहा जणांपैकी कोणी शोधत नाही. ते तिच्याशी वाईट हेतूने वागणाऱ्या परक्या माणसाला आधी कळतं. घरच्यांनी तिच्या ‘साधी’वर कधी शंकाच घेतलेली नव्हती.

काचेचा डोळा

फाईव्ह लहानपणी काळात पुढे उडी मारतो आणि जगाच्या राखेत अडकतो. तिथे ४५ वर्षं काढून तो १३ वर्षांच्या शरीरात परत येतो तेव्हा हातात आठ दिवस असतात. १ एप्रिल २०१९ ला जग संपणार, पण का ते माहीत नाही. पुरावा एकच : भविष्यात मेलेल्या लूथरच्या मुठीत सापडलेला काचेचा डोळा.

फाईव्ह आमच्यासारखा आहे म्हणून मला आवडतो. भिंतीवर समीकरणं लिहितो, कॉफीवर जगतो, कोणाचं ऐकत नाही. आणि त्याची अडचणही आमचीच आहे. ज्याच्याकडे एकच पुरावा असतो तो त्या पुराव्याच्या प्रेमात पडतो. डोळा कोणाचा हे सापडलं की कारण सापडलं, असं तो धरून चालतो. नवव्या भागात डोळ्याचा मालक सापडतो. लेनर्डचं प्रेत, एक डोळा गेलेला. फाईव्ह तो काचेचा डोळा बसवून बघतो आणि तो बरोबर बसतो. भावंडांना वाटतं, संपलं, वाचलो.

हा क्षण थांबवून परत बघा. जुळणी अचूक आहे, निष्कर्ष साफ चुकलाय. लेनर्डचा शेवटाशी संबंध आहे, पण शेवट घडवणारी दुसरीच कोणी आहे, आणि ती यांच्याच घरात वाढली. ज्या हाणामारीत लेनर्डचा डोळा गेला, त्याच हाणामारीत व्हान्याची शक्ती उघडी पडली. दोन गोष्टी एकत्र घडल्या, एकीची खूण उरली आणि सगळे त्या खुणेमागे धावले. कोरिलेशन म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य आपण सगळेच पाठ करतो. ते चुकतं तेव्हा आतून किती खात्रीशीर वाटतं, हे फाईव्हच्या चेहऱ्यावर दिसतं. तो आनंद खोटा नाही, म्हणून तर तो धोक्याचा.

अफवा

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये ‘सेल्फ-फुलफिलिंग प्रोफेसी’ नावाचा निबंध लिहिला. स्वतःला खरं करून घेणारं भाकीत, असं म्हणू. त्यांचं गाजलेलं उदाहरण बँकेचं आहे. बँक चांगली चाललेली आहे. कोणीतरी म्हणतं बुडणार. लोक घाबरून पैसे काढायला रांग लावतात. बँक खरंच बुडते. सुरुवातीला जे खोटं होतं ते लोकांच्या वागण्यामुळे खरं झालं.

ॲलिसनची शक्ती आठवा. ‘मी एक अफवा ऐकलीय’ असं म्हणून ती जे सांगेल ते घडतं. मालिकेतली पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली अफवा व्हान्याच्या कानात सांगितलेली होती. पण शेवटाकडे जी अफवा काम करते तिला ॲलिसनची गरज उरत नाही. ती अफवा म्हणजे ‘व्हान्या धोकादायक आहे’.

इथे लूथरच्या बाजूनेही बोलायला हवं. व्हान्याच्या बोने ॲलिसनचा गळा चिरला गेलाय, ॲलिसनचा आवाज गेलाय. लूथरकडे घाबरण्याचं खरं कारण आहे. म्हणून तो व्हान्याला मिठीत घेऊन बेशुद्ध होईपर्यंत आवळतो आणि त्याच जुन्या कोठडीत बंद करतो. पण त्या वेळी ॲलिसन काय करते ते बघा. जिला जखम झाली तीच वहीवर लिहून दाखवते की हिला सोडा. काय घडलं हे त्या खोलीत सगळ्यात जास्त जिला माहीत आहे, तिच्याकडे आता आवाज नाही, म्हणून तिचं मत धरलं जात नाही. मग कोठडी फुटते, घर कोसळतं, आणि बँकेपुढच्या रांगेसारखं भाकीत खरं होत जातं.

नाट्यगृह

दहाव्या भागात व्हान्या इकॅरस थिएटरमध्ये व्हायोलिन वाजवते आहे. आयुष्यभर मागच्या खुर्चीत बसलेली बाई आज मुख्य वादक आहे. तिला तेवढंच हवं होतं. जग संपवायचा तिचा बेत नाही.

ॲलिसन समोरून चालत येते. व्हान्याच्या चेहऱ्यावर क्षणभर ओळख येते, थोडं हसू येतं. आणि नेमक्या त्याच वेळी लूथर आणि डिएगो दोन बाजूंनी धावून येतात. ॲलिसनचं येणं म्हणजे लक्ष वळवायची युक्ती ठरते. सुपरहिरो टीम म्हणून हा डाव उत्तम, पण माणूस म्हणून व्हान्याला यातून एकच गोष्ट कळते. पुढचं सगळं त्या कळण्यातून होतं. पोशाख आणि व्हायोलिन पांढरं पडतं आणि चारही भाऊ तिच्या ऊर्जेच्या पात्यांत लटकतात.

मधे कमिशनचे मुखवटेवाले शिपाई गोळीबार करत येतात आणि क्लाउसमुळे बेन सगळ्यांना दिसतो. बेनचा क्षण छान आहे, शिपाई मला भरतीचे वाटले. भावंडांना लढायला कोणीतरी परकं हवं म्हणून ते येतात. खरा संघर्ष बहिणीशी असताना दिग्दर्शनाला बंदुकांचा आधार घ्यावा लागतो, इथे भाग थोडा घसरतो.

तो सावरतो ॲलिसनमुळे. ती मागून येऊन पिस्तूल व्हान्याच्या डोक्याला लावते आणि शेवटच्या क्षणी बाजूला फिरवून तिच्या कानाशेजारी गोळी झाडते. मारत नाही. आवाजावर चालणाऱ्या शक्तीला आवाजानेच तोडते. सातही जणांत व्हान्याच्या शक्तीचा विचार करून वागणारी ती एकटी. पण व्हान्यात साठलेली ऊर्जा वर निसटते आणि चंद्रावर आदळते. चंद्र फुटतो आणि त्याचा तुकडा पृथ्वीकडे येऊ लागतो. चार वर्षं जिथून लूथरची न वाचलेली पाकिटं येत होती तिथूनच शेवट येतो. मालिका हे बोलून दाखवत नाही, ते बरंच झालं.

विज्ञान शाखेची असल्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तुकडा दहा मिनिटांत इथे पोचायचा तर त्याला सेकंदाला ६४० किलोमीटर वेग लागेल. अपोलो ११ ला तिथे जायला तीन दिवसांहून जास्त लागले होते. आणि अख्ख्या चंद्राचे तुकडे करून ते एकमेकांपासून कायमचे दूर फेकायचे तर लागणारी ऊर्जा साधारण १.२ गुणिले १०चा २९वा घात ज्यूल, म्हणजे सूर्य पाच मिनिटांहून जास्त वेळात जेवढी बाहेर टाकतो तेवढी. इथे एकच तुकडा निघालाय, पण मुद्दा लक्षात आला असेल. तरी मी याचे गुण कापणार नाही. आवाजाची ऊर्जा करणारी बाई आपण पहिल्या भागापासून मान्य केलीय. कथेने स्वतः घालून दिलेले नियम पाळले की नाही एवढंच बघायचं, आणि इथपर्यंत ते पाळलेत.

‘दुरुस्त करू’

माझी तक्रार शेवटच्या दोन मिनिटांबद्दल आहे.

तुकडा येतोय. फाईव्ह म्हणतो, सगळ्यांना घेऊन काळात मागे जाऊ. लूथर विचारतो, हिलाही? म्हणजे बॉम्बच सोबत घेऊन जायचा का? त्यावर फाईव्हच्या उत्तराचा आशय असा : जग संपतच राहणार आणि कारण व्हान्याच असणार, आपण हिला नेऊन दुरुस्त केलं नाही तर. मग बेशुद्ध व्हान्यासह सगळे लहान मुलं होत अदृश्य होतात. सीझन संपतो.

दुरुस्त. हाच शब्द मला टोचतो. हिला आपण लहानपणी साधी म्हटलं, कोठडीत घातलं, आज हिच्याशी खोटेपणा केला, आणि शेवटी दोष कुठे सापडला? हिच्यात. प्रयोगाची मांडणी चुकली होती हे दहा भागांत आपल्याला दाखवून झालंय, आणि प्रयोग करणारे म्हणताहेत की नमुना खराब आहे, तोच परत चालवून बघू. काहीही न बदलता. रेजिनल्ड जिवंत असता तर त्याने याहून वेगळं काय म्हटलं असतं?

कोणी म्हणेल, फाईव्हची चूक दाखवायचीच आहे, दिग्दर्शकाला ते कळतं. कदाचित. पण त्या दृश्यात त्याला अडवणारं कोणी नाही, ॲलिसनही नाही. संगीत आणि घाई इतकी आहे की आपणही ‘चला, वाचले’ म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. शिवाय काळात मागे जाण्याने आलेलं उत्तरच पुसलं जातं. घर पडलं, माणसं मेली, जग गेलं, आणि कोणालाच कोणाकडे बघून काही कबूल करावं लागलं नाही. एवढं चांगलं मांडलेलं कारण परिणामापर्यंत नेऊन मालिका तिथून पळ काढते.

२०२० च्या दुसऱ्या सीझनने याचं थोडं उत्तर दिलं. १९६३ च्या डॅलसमध्ये परत जग संपायची वेळ येते, परत व्हान्यामुळे. त्या वेळी बेन तिच्या आत शिरून तिच्याशी बोलतो, ती राक्षस नाही हे तिला सांगतो, आणि स्फोट टळतो. एकच गोष्ट बदलली होती : कोणीतरी तिला विचारलं आणि ऐकलं. हे पहिल्या सीझनच्या नाट्यगृहातही शक्य होतं, ॲलिसन तेवढ्याचसाठी आत चालत आली होती.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमच्यापैकी बरेच जण सध्या विषय शोधताय, जुने पेपर वाचताय. त्या पेपरांत ‘परिणाम आढळला नाही’, ‘या गटात लक्षणीय काही नाही’ अशा ओळी भरपूर भेटतील. अशा प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने तीन प्रश्न लिहा. ही नोंद कोणी केली? मोजताना काय दाबून ठेवलं होतं? त्यानंतर ती परत कोणी तपासली का? तिसऱ्याचं उत्तर बरेचदा ‘नाही’ येईल, आणि तिथे तुमचा विषय असू शकतो.

आणि तुमच्या स्वतःच्या नावापुढे कोणी, कधीतरी, एखाद्या मार्कशीटवर किंवा मुलाखतीच्या खोलीत ‘साधारण’ असं लिहून ठेवलं असेल, तर त्या नोंदीलाही हेच तीन प्रश्न लागू आहेत. उत्तर प्रत्येक वेळी आपल्या बाजूने येईलच असं नाही. पण तपासल्याशिवाय ती नोंद पुढच्या वहीत उतरवून घेऊ नका.